सुमनवहिनींचा वेसक

सुमनवहिनी प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ने' लावायच्या. "आज ऊन फार आहे ने?" "भाजी संपली ने?" "टीचर, तुम्ही दमलात ने?" पालेगावच्या आमच्या इमारतीत कोणी म्हणायचं त्या गुजरातकडच्या, कोणी म्हणायचं पार तळकोकणातल्या. नाव सुमन, नवरा विलास, गळ्यात काळी पोत, साडी आपल्यासारखीच. शंका यायला जागा नव्हती. समोरासमोर दारं असूनही मला कळायला दोन वर्षं लागली. एका बुद्धपौर्णिमेला विहारात त्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी खड्या आवाजात 'बुद्धं शरणं' म्हणाले, तशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हलकेच बोट टेकवलं आणि कानात सांगितलं, "टीचर, सरणं. पालीत श नाही ने." मी शाळेत सातवीला भूगोल शिकवते आणि उरलेल्या वेळात जगाच्या चुका काढते. माझीच चूक काढणारी ही बाई कोण, म्हणून वंदना संपेपर्यंत मी धुमसत होते.

बाहेर आल्यावर चपला शोधता शोधता त्यांनी सांगून टाकलं. त्या सुमन नव्हत्याच, सुमना होत्या. माहेर श्रीलंकेत, कोलंबोहून बसने पाच तासांवरच्या एका गावात. 'ने' हा त्यांच्या सिंहलीतला; आपण 'ना' म्हणतो तसा. बाकी सगळी भाषा त्यांनी बदलून घेतली होती, तेवढं एक अक्षर काही जात नव्हतं.

विलासभाऊंशी त्यांची गाठ पडली कुवेतला. ते एसी दुरुस्तीच्या कामावर, त्या कपडे शिवायच्या कारखान्यात. तिथल्या लंकेच्या लोकांनी एका बंद गाळ्यात वेसक साजरा केला. वेसक म्हणजे त्यांची वैशाख पौर्णिमा, वर्षातला सगळ्यात मोठा सण. सोबतच्या कारागिराने विलासभाऊंना ओढत नेलं. सगळा गाळा पांढऱ्या कपड्यांत आणि हे एकटे काळ्या शर्टात. लोक वळून वळून बघायला लागले, तसे ते दाराशीच उभे राहिले. पण पंचशील सुरू झालं आणि हा काळ्या शर्टाचा माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं पाठ म्हणायला लागला. वहिनी सांगायच्या, "आम्हाला वाटलं, अरबी लोकांचा माणूस आला. आणि तो तर आमचं म्हणतो ने." पुढचे सहा महिने दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पाली येत होती, पण पालीत चहा घेणार का असं विचारता येत नाही, असं विलासभाऊ म्हणायचे.

लग्न करून ते इथे आले ते आधी उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या एका खोलीत. खाली जीन्सचा कारखाना होता. वहिनी तिथे पँटींचे लोंबते धागे कापायला बसायच्या आणि सोबतच्या बायकांकडून मराठी शिकायच्या. त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अर्धीअधिक, आणि रागावल्या की कारखान्याच्या सिंधी शेठसारखं "अरे साईं" सुद्धा यायचं. सासू, म्हणजे गयाकाकू, पहिलं वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नंतर मात्र अशा बोलायला लागल्या की थांबेचनात. पालेगावला घर घेतलं तेव्हा दारावरच्या पाटीवर सुनेचंही नाव हवं, असं काकूंनीच मुलाला बजावलं होतं.

दरवर्षी वैशाख आला की वहिनींच्या अंगात वेगळीच बाई संचारायची. कॅम्प तीनच्या बाजारातून पतंगाचा कागद आणायच्या, बांबूच्या काड्या तासायच्या, पातेल्यात कणकेची खळ शिजवायच्या. त्यातून आठ कोनांचा भला मोठा कंदील तयार व्हायचा. पहिल्या वर्षी तो गॅलरीत लावला तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले आणि दिवाळीचा माल अजून काढला नाही का, असं हसत विचारून गेले. वहिनींनी त्यांच्या हातावर उकडलेले चणे ठेवले, वर ओल्या खोबऱ्याचे तुकडे आणि लाल मिरची. त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला खायला घालायचं, अशी त्यांच्याकडची रीत. त्या स्वतः मात्र त्या दिवशी अष्टशील पाळायच्या, दुपारी बारानंतर काही खात नसत. पांढरी साडी, दिवसभर जमिनीवर बसणं, खुर्चीला हात नाही. शेजारपाजारच्या बायकांना आधी वाटायचं, नवऱ्याशी भांडून रुसून बसल्या आहेत.

मी त्यांना एकदा म्हटलं, आम्हीही पांढरं नेसतो, खीर करतो, विहारात जातो; तुम्हाला परकं का वाटावं? त्या थोडा वेळ काड्या तासत राहिल्या. मग म्हणाल्या, "परकं नाही टीचर. पण आमच्याकडे या दिवशी रस्त्यावर चालायला जागा नसते. आई, मी, भाऊ, सगळे हात धरून कंदील बघायला निघायचो. इथे कंदील मीच लावते, मीच खाली उतरते आणि मीच वर बघते ने." मला तेव्हा हसू आलं होतं. खरंच, संध्याकाळी त्या खाली रिक्षा थांबतात तिथपर्यंत जाऊन मान वर करून आपलाच कंदील बघताना मी कितीदा पाहिलं होतं.

विलासभाऊ काविळीचं निमित्त होऊन गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यात गयाकाकूंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. वहिनी माहेरी गेल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती. आता तर जाणं सुटलंच. काकूंना उठवणं, पुसणं, कूस बदलणं, भरवणं. काकू वजनाने भारी आणि वहिनी चिमणीएवढ्या, पण एक विशिष्ट झोक देऊन त्या काकूंना अशा वळवत की काकूंना कळायचंही नाही. कंटाळा नाही येत का, असं मी विचारलं तर म्हणायच्या, "काय करायचं टीचर, माणूस आहे ने." हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं.

त्याच सुमाराला तिकडे त्यांच्या आईची आठवण जायला लागली. आधी चष्मा सापडेना, मग भावाचं नाव सापडेना. फोनवर आई विचारायची, तू कोण बोलतेस? वहिनी फोन ठेवून माझ्याकडे यायच्या आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहायच्या. त्यांना रडता यायचं नाही. नुसतं नाक लाल व्हायचं. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या एकदा. आई ओळखतेय तोवर जा. आणि मी शिक्षिका पडले, त्यामुळे सल्ला देऊन थांबले नाही, पद्धतही शिकवली. पाढे जसे पाठ करून घेतो तसं करा. रोज फोनवर एकच वाक्य सांगा, दुसरं काही नाही. म्हणजे ते डोक्यात बसेल.

वाक्य ठरलं: अम्मा, सुमना वेसकला येणार. डिसेंबरपासून रोज सकाळी काकूंना चहा पाजून झाला की वहिनी फोन लावायच्या आणि हे वाक्य तीनदा म्हणायच्या. दीड महिन्याने आईनेच आपणहून सांगितलं, सुमना वेसकला येणार आहे. त्या दिवशी वहिनी धावत माझ्याकडे आल्या आणि मला मिठीच मारली. मला माझाच अभिमान वाटला.

तिकीट मीच काढून दिलं. भिंतीवरची दिनदर्शिका बघितली. वैशाख पौर्णिमा, बुद्धपौर्णिमा, एक मे. चार दिवस आधी जायचं, पंधरा दिवसांनी परत. शाळेला सुट्टी लागणार होती, तेवढे दिवस काकूंना मी बघेन असं मी कबूल केलं होतं. वहिनी म्हणाल्या, तारीख एकदा भावाला विचारून घेऊ ने? मी खुर्चीत बसूनच म्हटलं, "अहो, पौर्णिमा ती पौर्णिमा. तुमच्याकडे काय दुसरा चंद्र आहे?" सातवीच्या वर्गात मी ती आकृती दरवर्षी फळ्यावर काढते. वहिनींनी भावाला विचारायचं सोडून दिलं. टीचरला माहीत असणारच.

त्या वर्षी अधिक महिना होता. आपल्याकडे तो वैशाखानंतर धरला होता. लंकेत तो वैशाखाच्या आधी धरला. चंद्र एकच होता, पण एक मेच्या पौर्णिमेला तिकडे वेसक म्हणत नव्हते. त्यांचा वेसक एक पौर्णिमा पुढे गेला होता, मेच्या अखेरीला. भावाला वहिनींनी फक्त विमानाचा दिवस कळवला. त्याला वाटलं, बहीण महिनाभर आधीच येतेय, वेसक करून जाईल. त्याला आनंदच झाला.

तिथे काय झालं ते वहिनींनी मला परतल्यावर सांगितलं, तेही एका दमात नाही, आठवडाभर तुकड्या तुकड्यांनी. आई ओट्यावर बसली होती. वहिनी पाया पडल्या. आईने डोक्यावर हात ठेवला, बस म्हणाली, पाणी दिलं आणि विचारलं, "मिस, दवाखान्यातून आलात का?" तिकडे नर्सला मिस म्हणतात. मी सुमना, असं वहिनींनी सांगितलं. आई हसली. सुमना वेसकला येणार आहे, म्हणाली. अजून वेसक कुठे आला?

पंधरा दिवस हेच चाललं. वहिनी आईला न्हाऊ घालत होत्या, वेणी घालत होत्या, भात कालवून भरवत होत्या. आई मिसचं कौतुक करायची, तुमचं भलं होवो म्हणायची, आणि तुमची आई नशीबवान आहे असंही म्हणायची. आईने कपाटात लेकीसाठी नवं पांढरं लुगडं ठेवलं होतं. एकदा कपाट आवरताना वहिनींचा हात त्याला लागला तेव्हा आईने तो बाजूला केला. "ते माझ्या सुमनाचं आहे, मिस. ती आली की नेसेल. तुम्हीपण या त्या दिवशी." भाऊ समजावत होता, शेजारचे समजावत होते. आईच्या डोक्यात सगळी पानं कोरी झाली होती आणि एकच ओळ राहिली होती. ती आम्हीच लिहिली होती, वहिनींनी आणि मी.

दहाव्या दिवशी वहिनींचा फोन आला. आवाज अगदी साधा. म्हणाल्या, "टीचर, इथे वेसक पुढच्या पौर्णिमेला आहे ने." दिनदर्शिका समोरच होती, तरी मी तिच्याकडे बघितलं नाही. त्या चिडल्या नाहीत, चंद्राचं काही बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, तिकीट पुढे ढकलता आलं तर महिनाभर राहू का? वेसकच्या दिवशी पांढरं नेसून दारातून आत गेले, तर आई कदाचित ओळखेल. काकूंना तेवढे दिवस सांभाळाल का?

इथे मी जे केलं ते लिहिल्याशिवाय हे व्यक्तिचित्र पुरं होणार नाही. त्या दहा दिवसांत माझी कंबर धरली होती. काकूंना वळवायचा तो झोक मला जमत नव्हता. चादरी धुऊन धुऊन हाताला वास लागलाय असं वाटायचं. माझ्या भावाच्या घरी चार दिवस जायचं ठरवलं होतं. हे सगळं मला सरळ सांगता आलं असतं. वहिनींनी समजून घेतलं असतं आणि दुसरी कोणी बाई शोधली असती. पण आपण थकलोय हे कबूल करायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "वहिनी, काकू तुमच्या नावाने रडतात हो. जेवत नाहीत. तुम्ही आलेलंच बरं." हे साफ खोटं होतं. काकू आरामात होत्या, मालिका बघत होत्या आणि माझ्या आमटीला नावं ठेवत होत्या. मग वहिनी म्हणाल्या, बरं, येते.

त्या ठरलेल्या विमानाने आल्या. पिशवी दारात टाकून आधी काकूंच्या पलंगापाशी गेल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, फार रडलात का? काकूंचं तोंड वाकडं झालं असलं तरी बोलणं समजायचं. "मी कशाला रडू गं? आईकडं गेलीस, राह्यचं की चांगलं महिनाभर. ह्या बाईनं बघितलं असतं." मी पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभी होते. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा क्षण. मग माझ्या हातातला तांब्या घेतला आणि काकूंना पाणी पाजलं. त्यानंतरही त्या माझ्याशी नीट वागल्या, डबा पाठवला, तब्येत विचारली. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मेच्या अखेरीला तिकडचा वेसक आला. इथे त्या दिवशी काही नव्हतं. विहार बंद, इमारतीत कोणाकडे तरी हळदीचा मांडव. वहिनींनी कंदील केला नव्हता. पण पांढरी साडी नेसून त्या जमिनीवर बसल्या होत्या. मी गेले, कारण न जाणं मला सहन होईना. मी समोर फरशीवर बसले. दुपारी चारच्या सुमाराला भावाचा व्हिडिओ फोन आला. फोनमध्ये ओटा दिसत होता. मागे कंदील टांगलेले, रस्त्यावर माणसं. आई स्वच्छ पांढऱ्या कपड्यात उंबऱ्याशी बसली होती आणि मांडीवर ते घडी घातलेलं लुगडं. सकाळी सहापासून ती तिथून उठली नाही, असं भावाने सांगितलं.

भावाने फोन आईसमोर धरला. आई फोनकडे बघत काहीतरी म्हणाली. वहिनींनी सावकाश उत्तर दिलं. आईने पुन्हा विचारलं, वहिनींनी पुन्हा तेच शब्द उच्चारले. मला सिंहली येत नाही, पण सुमना हे नाव दोघींच्याही बोलण्यात आलं. आईने मान डोलावली, लुगड्यावरची सुरकुती हाताने सरळ केली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. भावाने फोन बंद केला.

मी विचारायला नको होतं. पण विचारलं, काय म्हणाली आई?

"म्हणाली, मिस, माझी मुलगी आली नाही अजून. मी सांगितलं, येतेय अम्मा. वाटेत आहे. गाड्यांना गर्दी आहे."

दिवे लागल्यावरही गर्दी बघत आई बसून राहिली, असं नंतर वहिनींकडून कळलं. शेवटी भावाने उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवसापासून तिने सुमनाचं नाव घेतलं नाही. वेसक होऊन गेला होता; वाट बघायला काही उरलं नव्हतं. ती शेवटची ओळही पुसली गेली. तिने जेवण कमी केलं, मग सोडलं. महिना पुरा व्हायच्या आत ती गेल्याचं भावाने कळवलं. ते लुगडं त्याने तिच्याच अंगावर घातलं.

बातमी कळली त्या दिवशी मी समोर वहिनींकडे गेले. वहिनी काकूंसाठी पेज गाळत होत्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही जा. आजच्या आज तिकीट बघते. शाळेतून रजा घेते, महिना राहा, दोन महिने राहा, काकूंना मी बघते. मला जमेल आता. मी हे सगळं भराभरा बोलत होते आणि माझं मलाच ऐकवत नव्हतं.

त्यांनी गाळणी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले.

"तेव्हा एक महिना मागितला होता, टीचर," त्या म्हणाल्या, आणि काकूंची कूस बदलायला आत गेल्या.